भोक पाडण्याचे हातयंत्र आणि वाकोल्याची एक लोहारसाळ

स्मरणिका समितीच्या मंडळींनी "वाकोल्याच्या जुन्या कारागिरीविषयी काहीतरी लिहून द्या" अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. माझे लिहिणे म्हणजे आवक-जावक, स्मरणपत्र आणि 'सदर प्रकरणी'. परंतु या जीर्णोद्धारात घंटेच्या आधारासाठी जी जाड लोखंडी पट्टी बसविली आहे, तिची भोके ज्या यंत्रावर पाडली गेली ते यंत्र माझ्या आजोळचे आहे. शिवाय ते एकदा माझ्याच हाताने भंगारात जाता जाता राहिले आहे. म्हणून त्या यंत्राची हकीकत यथामती मांडतो. वाचकांनी गोड मानून घ्यावी.

आज वाकोला म्हटले म्हणजे द्रुतगती मार्गावरची गर्दी आणि डोक्यावरून उतरणारी विमाने आठवतात. सरकारी दप्तरात मात्र येथली जमीन अद्याप मौजे कोळेकल्याण या नावाखालीच निघते. एके काळी येथे भातशेती होती, बैलगाड्या होत्या. लोहार लागे तो विळ्या-कोयत्यांना पाणी द्यायला, नांगराचा फाळ ठोकून द्यायला आणि चाकावर धाव चढवायला. १९५० साली हा भाग बृहन्मुंबईत गेला. शेते हळूहळू चाळींखाली गेली आणि लोहाराचे कामही पालटले. फाळ गेला, खिडकीचे गज आले. धाव गेली, जिन्याचे कठडे, हातगाडीचे आस आणि दुकानांच्या शटरच्या पट्ट्या आल्या. जुन्या आणि नव्या कामात एक मोठा फरक आहे आणि तो भोकांचा. विळ्याला भोक लागत नाही. नटबोल्टच्या कामात मात्र भोकावाचून पाऊल पुढे पडत नाही.

भोक पाडण्याची लोहाराची मूळची रीत म्हणजे सुंबा. सुंबा म्हणजे पोलादी टोच्या. पट्टी भट्टीत लाल करावयाची, ऐरणीवर आणावयाची, मालकाने सांडशीत सुंबा धरावयाचा आणि घणकऱ्याने घाव घालावयाचा. निम्मे भोक एका बाजूने झाले की पट्टी उलटी करावयाची. मागे जेथे काळसर ठिपका दिसतो तेथे दुसऱ्या बाजूने सुंबा टेकवून घाव घातला, की मधली टिकली निघून पडते. या रीतीत लोखंड फारसे वाया जात नाही. ते बाजूला सरकते आणि भोकाभोवती जाड कडे तयार होते. म्हणूनच आकड्याचा किंवा कडीचा डोळा सुंब्याने पाडलेलाच मजबूत, असे माझे मामा आजही सांगतात आणि ते खरे आहे. परंतु तापलेले लोखंड लांबते, फुगते. चार भोके एका ओळीत पाडली तर खुणेवर एकही राहत नाही. कोणते सूतभर पुढे, कोणते सूतभर मागे. दोन पट्ट्या समोरासमोर जुळवावयाच्या तर प्रत्येक जोडी आपल्या जोडीदाराशीच जुळते, दुसऱ्याशी नाही.

दुसरी रीत सुताराच्या सामत्याची. कमानीच्या दोरीचा वेढा दांड्याला द्यावयाचा आणि कमान पुढेमागे ओढावयाची, म्हणजे दांडा गरगर फिरतो. खंबायतचे अकीक कारागीर याच कमानीच्या युक्तीने, हिरकणीचे टोक लावून मण्यांना भोके पाडीत आले आहेत. पण सामता एकदा उजवीकडे फिरतो, एकदा डावीकडे. त्यामुळे त्याचे चपटे पाते लोखंडाला कापत नाही, नुसते खरवडते. लाकडाला ते चालते. बोटभर जाड लोखंडाला तो घाम काढणारा उद्योग होतो.

यातून वाट निघाली ती अमेरिकेत. स्टीफन मोर्स नावाच्या कारागिराने पिळाच्या पात्याचे पेटंट १८६३ साली मिळविले. आज आपण ज्याला ड्रिलचे बीट म्हणतो ते हेच. टोकाला दोन धारा आणि अंगाला पिळाच्या दोन खाचा. कापलेला कीस त्या खाचांतून आपोआप वर येतो. परंतु या पात्याच्या दोन अटी आहेत. त्याने एकाच दिशेने फिरले पाहिजे, आणि त्यावर दाब सारखा पडला पाहिजे. वाफेच्या कारखान्यांत दोन्ही सहज साधे. पण खेड्यातल्या लोहारापाशी ना वाफ, ना वीज. त्याच्यासाठी अमेरिकेतल्या कारखान्यांनी, उदाहरणार्थ लँकेस्टरच्या चँपियन कंपनीने आणि बफेलो शहरातल्या बफेलो फोर्जने, हाताने फिरवावयाची ड्रिल यंत्रे काढली. ती भिंतीला किंवा खांबाला बोल्टने आवळून ठेवावयाची.

आमच्या आजोळचे यंत्र याच जातीचे. त्याच्यावरची ओतीव अक्षरे घासून गेली आहेत. सारा सांगाडा बिडाचा. बाजूला हाताची मूठ आणि तिच्या आसावर तिरप्या दात्यांचे मोठे चाक. ते उभ्या दांड्यावरच्या लहान दातेरी चाकाला फिरवते आणि दांड्याच्या खालच्या टोकाला बीट. मुठीच्या विरुद्ध अंगाला एक जड चाक असते, ते फिरण्याला झोक देते. नवखा माणूस मूठ फिरवताना पहिल्या चार वेढ्यांना कुंथतो. मग झोक आला की आश्चर्याने बघतच राहतो.

पण यंत्राची खरी करामत वरच्या बाजूला आहे. आसावर एक उंचवटा आहे. प्रत्येक वेढ्याला तो एका दांडीला ढुशी देतो आणि दांडीच्या टोकाचा खटका वरचे दातेरी चाक एक दात पुढे ढकलतो. ते चाक आट्यांच्या दांड्यावर बसवलेले असल्यामुळे बीट केसभर खाली उतरते. म्हणजे फिरविणे आणि दाबणे ही दोन्ही कामे एकाच हाताने होतात आणि दुसरा हात तेलाची कुपी धरायला मोकळा राहतो. घाई असेल तर खटका दोन दात ढकलील असा लावता येतो. सुंब्याच्या कामाला मालक आणि घणकरी अशी दोन माणसे लागत. येथे एकट्याचे भागते. ज्याला घणकरी परवडत नव्हता त्या लोहाराला हे केवढे मोठे होते, याची कल्पना यावी.

ठरल्या जागी ठरल्या मापाचे भोक पडले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावास गेले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी एक लहान लेथ, घासचाक आणि ड्रिल यंत्र एवढ्या भांडवलावर कडबा कापावयाची यंत्रे काढली, आणि मग लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती; पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मला येथे सांगावयाचे आहे ते एवढेच की बोल्टने जोडलेल्या नांगराचा झिजलेला भाग तेवढाच बदलता येतो, आणि ते तेव्हाच साधते जेव्हा शंभराव्या नांगराची भोके पहिल्या नांगराच्या भोकांशी जुळतात. सुंब्याने ते झाले नसते.

आता आमच्या लोहारसाळेकडे वळतो. उपनगरांना वीज पुरविणारी बॉम्बे सबर्बन कंपनी १९२९ साली स्थापन झाली. पण कंपनी निघाली म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या लोहाराकडे तार येत नसते. माझे आजोबा रत्नागिरीकडून येथे आले, तेव्हा त्यांच्यापाशी ऐरण, भाता आणि दोन हातोडे होते. घरात असे सांगतात की, दुसरे महायुद्ध संपल्यावर सांताक्रूझच्या लष्करी छावणीतला जुना माल विकायला निघाला, त्यातून हे यंत्र त्यांनी घेतले आणि हातगाडीवर घालून आणले. पुढे वीज आली, मामांनी विजेचे ड्रिल घेतले, आणि हातयंत्र कोपऱ्यात गेले. त्याचा उपयोग उरला तो वर्षातून एकदा. खंडेनवमीला सर्व हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागे आणि फुले वाहिली जात. त्या पूजेचा एक परिणाम पुढे आमच्या ध्यानात आला, तो यथास्थळी सांगतो.

दि. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्यास पाऊणशे मिलिमीटरही पडला नाही. मिठी नदी फुगली, तिला मिळणारा वाकोला नाला उलटा भरला आणि लोहारसाळेत छातीइतके पाणी आले. ओसरल्यावर पाहिले तो सर्वत्र वीतभर गाळ. विजेचे ड्रिल, घासचाक, भात्याची मोटार यांतून चिखल गळत होता.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. नुकसानीचे पंचनामे करण्याचे काम आमच्या खात्याकडे होते आणि रात्रीबेरात्री आम्ही वस्त्यांतून हिंडत होतो. आजोळचा पंचनामा मी करणे गैर, म्हणून तो दुसऱ्या सहकाऱ्याने केला. पण नुकसानीची यादी मात्र भाचा या नात्याने मी लिहून दिली. त्यात मी तेराव्या क्रमांकाला लिहिले : 'हाताने फिरविण्याचे जुने ड्रिल यंत्र, एक नग, निकामी.' एवढ्यावर न थांबता कुर्ल्याचा भंगारवाला दारात आला होता त्याला मी हाक मारली. मामा आत गाळ उपसत होते. मी आणि भंगारवाल्याच्या पोऱ्याने यंत्र भिंतीवरून सोडविले, सुटे झालेले भाग पोत्यात टाकले आणि काटा टांगला.

मामा बाहेर आले. हातात फावडे तसेच. त्यांनी विचारले, "हे कोणी काढलं?"

मी म्हटले, "मामा, हे आता काय कामाचं? वजनावर चार पैसे तरी येतील."

ते काही बोलले नाहीत. चिखलातच बसून त्यांनी मुठीचा आस धरून पिळून पाहिला. तो थोडा हलला. मग म्हणाले, "अरे, फिरतंय हे. मोटारी मेल्या, हे मेलेलं नाही. तुझ्या त्या यादीतून काढ." आणि त्यांनी मला यादीवरची ओळ खोडायला लावली व बाजूस स्वतःची सही केली. सरकारी मदतीच्या यादीतली वस्तू कोणी आपण होऊन कमी केल्याचे माझ्या नोकरीत मी नंतर पाहिलेले नाही.

परंतु माझ्या घाईने एक नुकसान झालेच. पोऱ्या पहिले पोते आधीच घेऊन गेला होता आणि त्यात खटक्याची दांडी गेली होती. मी दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला जाऊन ढिगांतून हिंडलो. त्या आठवड्यात तेथे अर्ध्या मुंबईचे लोखंड येऊन पडले होते. दांडी मिळाली नाही.

वीज अजून आलेली नव्हती. मामांनी रॉकेलच्या डब्यात दातेरी चाके बुडवून ठेवली, ताराच्या ब्रशाने गाळ व गंज काढला, तेल घातले आणि पूर ओसरल्यानंतर पाचव्या दिवशी यंत्र परत भिंतीवर चढले. खटका नव्हता म्हणून एकाने मूठ फिरवावयाची आणि दुसऱ्याने वरचे चाक बोटाने एकेक दात सरकवावयाचे असे काम चालले. ते बोट बहुधा माझे असे. वस्तीत फुगलेली दारे, निखळलेल्या बिजागऱ्या, मोडलेल्या कड्या घरोघर होत्या. लोक रांगेने पट्ट्या घेऊन येत. आसपास विजेवरचे एकही यंत्र चालत नव्हते, तेव्हा हे चालत होते.

पुरते दुरुस्तीचे काम दिवाळीनंतर झाले. या कामात ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने लिहितो, कारण अशी यंत्रे अजूनही जुन्या बाजारांत गंजून पडलेली दिसतात. पहिली गोष्ट, बिडावर हातोडा मारू नये. बीड वाकत नाही, तडकते. अडकलेला भाग तेल व रॉकेल मुरवून, दिवसेंदिवस थांबून, अलगद सोडवावा. माझ्या मामेभावाने गंज काढायला बॅटरी चार्जरची युक्ती केली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. चार्जरची ऋण तार यंत्राच्या भागाला आणि धन तार एका टाकाऊ लोखंडी पत्र्याला. रात्रभरात गंज सुटून काळा लगदा होतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. मात्र यात पेट घेणारा वायू सुटतो. पिंप उघड्यावर ठेवावे, जवळ विडी ओढू नये, आणि पत्रा स्टेनलेसचा वापरू नये, कारण त्याचे पाणी विषारी होते.

इतके करूनही यंत्र जड फिरे. कारण सापडेना. अखेर मामांनी सुईने आसावरचे एक खोलगट ठिकाण टोकरले, तो आतून लाल-पिवळा घट्ट गोळा निघाला. ती तेलाची भोके होती! वर्षानुवर्षे खंडेनवमीचे हळदकुंकू तेलात कालवून त्यांत बसले होते. सहाच्या सहा बुजलेली. ती मोकळी केली आणि यंत्र मुठीवरचा हात काढल्यावरही तीन वेढे आपोआप फिरले. मामी म्हणाल्या, "देवाला लावायचं ते यंत्राच्या नाकात घातलंत, मग ते श्वास कसं घेणार?" तेव्हापासून पूजेत कुंकू मुठीला लागते, आसाला नाही.

खटक्याची दांडी मामांनी पट्टीतून घडवली आणि खटका जुन्या कानशीतून केला. कानस लाल करून राखेत पुरून रात्रभर निवू दिली, म्हणजे ती मऊ होते. मग कापून, घासून आकार दिला, पुन्हा लाल करून पाण्यात बुडविली आणि शेवटी मंद आचेवर गवती पिवळा रंग येताच काढली. पहिला खटका चौथ्या दिवशी तुटला, कारण पाणी कडक बसले होते. दुसरा निळसर रंगापर्यंत उतरविला, तो आजतागायत चालू आहे. बिटाचीही एक अडचण होती. या यंत्राचे तोंड अर्ध्या इंचाच्या गोल दांड्याचे, आणि बीट धरायला एकच आडवा स्क्रू. त्यासाठी नागदेवी स्ट्रीटवरून अर्ध्या इंची दांड्याची बिटे आणली आणि स्क्रू टेकावा म्हणून दांड्याला एक बाजू घासून सपाट केली. लहान बिटांसाठी वेगळा चक त्याच तोंडात बसविला.

कोणी विचारील की आता वीज आहे, मग हा खटाटोप कशाला? मी कारकून असल्यामुळे हिशेब मांडून पाहिला. हातयंत्राचे बीट मिनिटाला सुमारे १२० वेढे फिरते. बारा मिलिमीटरच्या बिटाची कड म्हणजे मिनिटाला साडेचार मीटर चालते. हातात धरावयाचे विजेचे लहान ड्रिल मिनिटाला २,५०० वेढे फिरले तर तीच कड ९४ मीटर धावते. साध्या लोखंडाला चांगल्या पोलादाच्या बिटाचा मानवणारा वेग २५ ते ३० मीटरचा. म्हणजे विजेचे लहान ड्रिल जाड भोकाला तिपटीने जास्त धावते आणि धार जाळते. हातयंत्र कमी धावते, पण धार शाबूत राहते. मोठ्या कारखान्यांत वेग कमी-जास्त करता येणारी यंत्रे असतात, त्यांच्यापुढे आमचे यंत्र काहीच नाही. पातळ पत्र्याच्या शंभर भोकांना मामेभाऊ आजही विजेचेच ड्रिल घेतो आणि त्याचे बरोबर आहे. पण जाड पट्टी, मोठे भोक आणि नेमकी जागा असेल तर मूठच.

घंटेच्या आधाराचे काम त्याच प्रकारचे होते. पट्टी बारा मिलिमीटर जाडीची आणि तिला चार भोके. दगडी तुळईतल्या बोल्टांची जागा आधी ठरलेली, त्यामुळे भोक सूतभरही हलून चालणार नव्हते. मामांचे वय आता पंचाहत्तरीच्या घरात. मूठ मी आणि मामेभाऊ आळीपाळीने फिरवीत होतो आणि मामा शेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकत होते. कीस लांब पिळाचा निघतो की भुकटी पडते, यावरून ते "दाब कमी" किंवा "तेल" एवढेच बोलत. चारही बोल्ट वर गेल्यावर हाताने बसले. हातोडी लावावी लागली नाही. घंटेच्या आकड्याचा डोळा मात्र मामांनी यंत्रावर पाडू दिला नाही. तो भट्टीत लाल करून सुंब्यानेच पाडला. घणकरी म्हणून मी उभा होतो आणि माझे पहिले दोन घाव चुकले, हेही प्रांजळपणे नमूद करतो.

यंत्र सध्या लोहारसाळेच्या आतल्या भिंतीवर आहे. शाळकरी मुले मूठ फिरवायला येतात. दातेरी चाके उघडी असल्यामुळे मामांनी त्यांवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून झाकण केले आहे. मुलांना घेऊन येणाऱ्यांनी ते झाकण बसलेले आहे याची आधी खात्री करून घ्यावी, आणि सोमवारी येऊ नये. त्या दिवशी साळ बंद असते.